मोकळ्या शिवारावरील शिकारी पक्ष्यांची उड्डाणावरून ओळख : बीड जिल्ह्याच्या संदर्भात

सारांश

बीड जिल्ह्याचे शिवार मुख्यतः कोरडवाहू शेती, गायराने, माळराने आणि बालाघाटचे उतार यांनी बनलेले आहे. या मोकळ्या प्रदेशावर वर्षभर, आणि विशेषतः ऑक्टोबर ते मार्च या काळात, शिकारी पक्ष्यांच्या अनेक जाती वावरतात. व्यवहारात मात्र यांपैकी बहुतेकांची बोळवण 'घार' या एकाच नावाने केली जाते. उडत्या शिकारी पक्ष्याची ओळख रंगापासून सुरू न करता शरीराची घडण, पंखांची ठेवण, उड्डाणाची रीत आणि शेवटी रंग व खुणा या क्रमाने केल्यास ती अधिक विश्वसनीय ठरते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे. तसेच जातिनिहाय नोंद नसल्यास एखाद्या जातीचा ऱ्हास लक्षातही येत नाही, या मुद्द्याची चर्चा केली आहे.

बीजसंज्ञा : शिकारी पक्षी, बालाघाट, माळरान, भोवत्या, घार, जैवविविधता नोंदवही

प्रस्तावना

डिसेंबर महिन्यात पाटोदा किंवा आष्टी तालुक्यातील रब्बी ज्वारीच्या शेतावरून एखादा लांब पंखांचा पक्षी कणसांना जवळजवळ घासून संथपणे जाताना दिसतो. तो बांधापर्यंत जातो, वळतो आणि पुन्हा त्याच पट्ट्यावरून परत येतो. शेतकऱ्याला विचारले असता 'घार आहे' असे उत्तर मिळते. पक्षिनिरीक्षणास आलेला विद्यार्थीही आपल्या वहीत पुष्कळदा 'घार' असेच लिहितो. प्रत्यक्षात हा पक्षी घार नसून मध्य आशियातील गवताळ प्रदेशातून हिवाळ्यापुरता आलेला भोवत्या असतो. इंग्रजीत त्यास हॅरिअर म्हणतात. मराठीत काही ठिकाणी हारीण असेही नाव आहे. शेतावर, माळावर सतत भोवती फिरत राहण्याच्या त्याच्या सवयीचे चित्र 'भोवत्या' या नावात उमटले आहे.

येथे दोष शेतकऱ्याचा नाही. मराठी भाषेत घार, ससाणा, शिक्रा, बहिरी, तुरमती, कापशी, तीसा, लग्गड अशी शिकारी पक्ष्यांची नेमकी नावे आहेत. मारुती चितमपल्ली यांच्या 'पक्षिकोशा'ने अशा नावांचे मोठे भांडार अभ्यासकांपुढे ठेवले. परंतु नाव आणि आकाशातील पक्षी यांची सांगड घालण्याचे शिक्षण क्वचितच दिले जाते. पाठ्यपुस्तकातील चित्रात पक्षी फांदीवर बसलेला असतो. शिवारातील पक्षी मात्र बहुधा उडत असतो, दूर असतो आणि त्याच्या मागे लख्ख आकाश असते. त्यामुळे पुस्तक वाचूनही ओळख पटत नाही.

दख्खनच्या शिकारी पक्ष्यांचा शास्त्रीय अभ्यास नवा नाही. मुंबई सरकारच्या सेवेत असलेल्या कर्नल सायक्स यांनी दख्खनमध्ये पाहिलेल्या पक्ष्यांची सूची १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध केली. आपल्या नित्य परिचयाच्या घारीला त्यांनी 'मिल्व्हस गोविंदा' हे नाव दिले. आज घारीच्या भारतीय उपजातीचे नाव म्हणून 'गोविंदा' हा शब्द शास्त्रात कायम आहे. त्याच सुमारास, १८३१ मध्ये, फ्रँकलिन यांनी तीसा या पक्ष्याचे वर्णन करताना त्याचे देशी नावच शास्त्रीय नावात घेतले. म्हणजे येथील नावे शास्त्राने जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी स्वीकारली आहेत. त्या नावांनी पक्षी ओळखणे हे आता स्थानिक अभ्यासकांचे काम आहे.

क्षेत्राचा परिचय

बीड जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. उत्तरेस गोदावरीचे खोरे, मधोमध पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलेली बालाघाटची रांग आणि दक्षिणेस मांजरेचे खोरे अशी त्याची ढोबळ रचना आहे. गेवराई व माजलगाव भागात काळी जमीन, कापूस आणि ऊस आढळतो; आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या पश्चिमेकडील तालुक्यांत हलकी जमीन, बाजरी, ज्वारी, गायराने व खुरटी काटेरी झुडपे अधिक आहेत. पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्य १९९४ मध्ये घोषित झाले. ते मोरासाठी प्रसिद्ध असले तरी तेथील खुरटे वन व उघडे उतार शिकारी पक्ष्यांनाही अनुकूल आहेत. सिंदफणेवरील माजलगाव धरण, बिंदुसरा तलाव आणि गावोगावचे पाझर तलाव यांमुळे कोरड्या प्रदेशात पाणथळीचे ठिपके निर्माण झाले आहेत. परिणामी माळरानावरचे व पाणथळीवरचे असे दोन्ही गटांतील शिकारी पक्षी एकाच दिवशी पाहण्याची संधी येथे मिळते.

शासकीय दप्तरात यातील बरीच जमीन 'पडीक' म्हणून नोंदलेली असते. शिकारी पक्ष्याच्या दृष्टीने ती पडीक नसते. उंदीर, सरडे, साप, नाकतोडे, टोळ आणि जमिनीवर राहणारे लहान पक्षी हे त्याचे अन्न तेथेच असते.

रंगावरून ओळख का फसते?

नवा निरीक्षक प्रथम रंग पाहतो. बसलेल्या पक्ष्याबाबत हे योग्य आहे. उडत्या शिकारी पक्ष्याबाबत त्यात चार अडचणी येतात. पहिली अडचण प्रकाशाची होय. पक्षी डोक्यावर आणि सूर्य त्याच्या मागे असल्यास पांढुरका पक्षीही काळा दिसतो. दुसरी अडचण वयाची आहे. गरुडांना प्रौढ पिसारा येण्यास काही वर्षे लागतात आणि दरम्यानच्या प्रत्येक टप्प्यात रंग बदलत राहतो. तिसरी अडचण लिंगभेदाची. भोवत्याचा प्रौढ नर राखाडी-पांढरा, तर मादी तपकिरी असते. अनेकांना त्या दोन वेगळ्या जाती वाटतात. चौथी अडचण म्हणजे काही जातींत एकाच वयाच्या पक्ष्यांतही फिकट व गडद अशी रूपे असतात. मोहोळघार हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

आकाराबाबतही असाच भ्रम होतो. निरभ्र आकाशात तुलनेसाठी काही नसल्याने लहान पक्षी जवळ आहे की मोठा पक्षी दूर आहे हे ठरवता येत नाही. अशा वेळी सोबतच्या पक्ष्याचा आधार घ्यावा. कोतवाल किंवा कावळा शिकारी पक्ष्याच्या पाठीस लागणे ही शिवारातील नेहमीची घटना आहे. पाठलाग करणारा कावळा त्या पक्ष्याच्या तुलनेत किती मोठा दिसतो, यावरून बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो.

पहिली पायरी : घडण

घडण म्हणजे पंख, शेपटी व डोके यांचे परस्पर प्रमाण. काळ्या सावलीतही ते दिसते, म्हणून तेथूनच सुरुवात करावी. मोकळ्या शिवारावरील शिकारी पक्ष्यांचे घडणीनुसार ढोबळमानाने पाच गट पडतात.

(१) रुंद पंखांचे मोठे पक्षी : गरुड व गिधाडे. पंखांच्या टोकाची पिसे हाताच्या बोटांसारखी सुटी दिसतात.

(२) लांब, मनगटाशी वाकलेले पंख आणि मध्यभागी खाच असलेली शेपटी : घार.

(३) लांब व अरुंद पंख, लांब शेपटी, सडसडीत बांधा : भोवत्या.

(४) आखूड गोलसर पंख, लांब शेपटी : शिक्रा.

(५) टोकदार पंख : ससाण्यांचा गट. खरुची, तुरमती व लग्गड यात येतात.

कापशी आणि तीसा यांचा समावेश या गटांत सहजी होत नाही. त्यांची ओळख पुढील पायऱ्यांवर पटते.

घारीच्या शेपटीबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. घार वळताना शेपटी पंख्यासारखी पसरते. तेव्हा खाच नाहीशी होऊन शेपटीची कड सरळ दिसते. पिसे गळण्याच्या काळातही असेच होते. म्हणून एका क्षणाच्या दर्शनावर निर्णय न घेता पक्षी शेपटी मिटेपर्यंत थांबावे. घार शेपटी सुकाणूप्रमाणे डावी-उजवीकडे सतत पिळते, हीदेखील तिची चांगली खूण आहे.

दुसरी पायरी : पंखांची ठेवण

पक्षी पंख न हलवता तरंगत असताना तो समोरून किंवा मागून पाहावा. भोवत्याचे पंख शरीरापासून वर उचललेले असतात आणि उथळ द्रोणासारखा आकार दिसतो. घारीचे पंख किंचित कमानदार, टोकाकडे खाली झुकलेले असतात. बहुतेक मोठे गरुड पंख जवळजवळ सपाट, फळीसारखे ठेवतात. कापशी तरंगताना पंख स्पष्टपणे वर उचलते. तथापि तिचा लहान आकार व आखूड शेपटी यांमुळे भोवत्याशी तिची गल्लत होण्याचे कारण नाही.

घार व भोवत्या यांतील फरक ओळखण्यास ही एकच खूण बहुधा पुरेशी ठरते. झुकलेले पंख आणि खाचेची शेपटी असल्यास घार. उचललेले पंख आणि लांब, खाच नसलेली शेपटी असल्यास भोवत्या. विद्यार्थ्यांना प्रथम एवढे एकच अंतर शिकवले तरी नोंदवह्यांतील चुकांचे प्रमाण पुष्कळ कमी होईल.

तिसरी पायरी : उड्डाणाची रीत

शिकारी पक्ष्याचे उड्डाण त्याच्या अन्नाशी बांधलेले असते. भोवत्या जमिनीपासून एक ते तीन मीटर उंचीवरून शेत विंचरल्याप्रमाणे मागे-पुढे फिरतो. पिकात लपलेला उंदीर, नाकतोडा किंवा चंडोल अचानक गाठणे हा त्याचा हेतू असतो. घुबडाप्रमाणे त्याच्या चेहऱ्याभोवती पिसांची तबकडी असते. त्यामुळे गवतातील हालचाल तो नजरेबरोबरच कानांनीही टिपतो. शिक्रा झाडांच्या कडेने काही वेळा भराभर पंख मारतो, थोडे तरंगतो, पुन्हा पंख मारतो आणि लिंबाच्या किंवा बाभळीच्या गर्द फांद्यांत शिरतो. तुरमती पुष्कळदा जोडीने, थेट आणि वेगवान उडते. लहान पक्ष्यांचा पाठलाग हे तिचे कौशल्य होय.

हवेत एका जागी थांबणे ही रीत विशेष उपयोगी आहे, कारण ती मोजक्याच पक्ष्यांना साधते. येथील शिवारात असे तीन प्रमुख पक्षी आहेत. कापशी सुमारे ३३ सेंमी लांबीची, पांढरी-राखाडी असते व तिच्या खांद्यावर काळा पट्टा असतो. ती पंख वर धरून, पाय लोंबकळत सोडून, टप्प्याटप्प्याने खाली उतरते. खरुची जवळपास तेवढीच, पण टोकदार पंखांची व लांब शेपटीची असते. हवेत थांबताना ती शेपटी पसरते आणि शेपटीच्या टोकाचा काळा पट्टा दिसतो. तिची पाठ विटकरी असते. ती येथे हिवाळ्यात येते. कापशी मात्र बारमाही आहे. तिसरा पक्षी म्हणजे सापमार गरुड. त्याच्या पंखांचा विस्तार सुमारे १७० ते १८५ सेंमी असतो. एवढा मोठा पक्षी वाऱ्यासमोर तोंड करून माळावर स्थिर झालेला दिसला, की दुसऱ्या जातीचा विचार सहसा करावा लागत नाही. माजलगावसारख्या जलाशयावर बंड्या किंवा कवड्या खंड्याही असाच हवेत थांबतो. परंतु तो पाण्यावर थांबतो आणि त्याची लांब चोच दुरूनही लक्षात येते.

चौथी पायरी : रंग व खुणा

वरील तीन पायऱ्यांनी गट निश्चित झाल्यावर रंगाकडे वळावे. येथे संपूर्ण रंगापेक्षा विशिष्ट जागेवरील खूण महत्त्वाची असते.

भोवत्या. मादी व अवयस्क पक्ष्यांच्या शेपटीच्या मुळाशी पाठीवर पांढरा पट्टा असतो. उडताना तो ठळक दिसतो. पांढुरक्या भोवत्याचा प्रौढ नर अतिशय फिकट असून पंखाच्या टोकाला काळी अरुंद पाचर असते. माँटेग्यूच्या भोवत्याचा नर अधिक गडद राखाडी, पंखाचे टोक बरेच काळे आणि पंखाच्या वरच्या बाजूस आडवी काळी रेघ असलेला असतो. या दोन जातींच्या माद्या व पिले यांतील फरक मान व चेहऱ्यावरील बारीक खुणांवर अवलंबून असल्याने दुरून तो सांगणे अनुभवी निरीक्षकांनाही कठीण जाते. दलदली भोवत्या तुलनेने मोठा असतो आणि पाणथळीजवळ अधिक दिसतो. त्याची मादी गडद तपकिरी असून डोके व गळा मलईसारखा फिकट असतो.

तीसा. इंग्रजी नाव या पक्ष्याच्या पांढऱ्या डोळ्यावरून पडले आहे. तो डोळा पक्षी विजेच्या खांबावर किंवा बाभळीवर बसलेला असतानाच दिसतो. उड्डाणात त्याचा उपयोग नाही. उडताना पंखाच्या वरच्या बाजूस खांद्याजवळचा फिकट भाग आणि तांबूस शेपटी पाहावी. तो बराच काळ एका जागी बसून राहतो, म्हणून सुस्त समजला जातो.

सापमार गरुड. खालून पाहता अंग व पंख फिकट दिसतात, डोके व छाती बहुधा गडद असते. जणू पक्ष्याने टोपडे घातले आहे. शेपटीवर तीन-चार आडवे पट्टे असतात.

घार व ब्राह्मणी घार. घारीच्या पंखाच्या टोकाकडील भागात खालून फिकट ठिपका दिसतो. ब्राह्मणी घार तलावांच्या परिसरात आढळते. प्रौढ पक्ष्याचे डोके-छाती पांढरी, उरलेले अंग विटकरी आणि शेपटी गोलसर, बिनखाचेची असते. तिचे तपकिरी पिल्लू घार म्हणून नोंदले जाण्याचा संभव अधिक असतो. तेथेही शेपटीचा गोलसर आकार मदतीस येतो.

पांढरे गिधाड. प्रौढ पक्ष्याचे अंग पांढरे, उड्डाणपिसे काळी आणि शेपटी पाचरीच्या आकाराची असते. रंगसंगती थोडीफार फिकट गरुडासारखी वाटली तरी पाचरीसारखी शेपटी निर्णायक ठरते.

वेळ आणि ऋतू यांचा विचार

पक्षी केव्हा दिसला हीदेखील ओळखीची खूण आहे. काळी जमीन सकाळच्या उन्हाने तापू लागली की तिच्यावरील हवा हलकी होऊन वर चढते. या चढत्या हवेच्या स्तंभात गरुड, गिधाडे व घारी पंख न हलवता घिरट्या घेत उंची गाठतात. त्यामुळे मोठे गरुड साधारणतः ऊन चढल्यावरच आकाशात दिसतात. बालाघाटच्या कड्यांवर वारा आदळून वर चढतो. तेथे त्यांना उन्हाची फारशी वाट पाहावी लागत नाही. भोवत्याला जमिनीलगत उडायचे असल्याने तो सकाळी लवकर आणि सायंकाळी उशिरापर्यंत शिकार करतो. सूर्यास्तापूर्वी अनेक भोवते एकत्र येऊन उंच गवतात जमिनीवरच रात्र काढतात. गुजरातमधील वेळावदर येथील गवताळ प्रदेश अशा सामूहिक निवाऱ्यासाठी जगभर प्रसिद्ध आहे.

ऋतूचा नियमही साधा आहे. मे महिन्यात 'भोवत्या' किंवा 'खरुची' अशी नोंद झाल्यास ती पुन्हा तपासावी. माँटेग्यूचा व पांढुरका हे दोन्ही भोवते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येऊन मार्च-एप्रिलपर्यंत परततात.

जातिनिहाय नोंदीचे महत्त्व

आकाशातील पक्ष्याला नेमके नाव देऊन काय साधते, असा प्रश्न विचारला जाऊ शकतो. त्याचे उत्तर गिधाडांच्या इतिहासात आहे. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या काळात सुमारे ९९.९ टक्क्यांनी घटली. ही घट शास्त्रीय पातळीवर प्रथम उघडकीस आली ती भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी तेथे १९८० च्या दशकात जातिनिहाय गणना केली होती. १९९० च्या दशकात पुन्हा केलेल्या गणनेशी तिची तुलना करून त्यांनी १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कारण कळण्यास २००४ साल उजाडले. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या शरीरात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करत होते. भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय उत्पादनावर २००६ मध्ये बंदी आली. तोपर्यंत बहुतेक गिधाडे संपली होती. गिधाडे देशभर कमी होत होती. पण आधीच्या नोंदी हाती असल्यामुळे ते सिद्ध करता आले एका उद्यानात. ज्या गावांत कोणी मोजले नव्हते, तेथे ती केव्हा नाहीशी झाली हे आज सांगता येत नाही.

भोवत्यांबाबत हीच स्थिती उद्भवू शकते. पांढुरका भोवत्या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या सूचीत संकटाच्या उंबरठ्यावरील जात म्हणून नोंदलेला आहे. पांढरे गिधाड संकटग्रस्त, तर माळावरील पिंगट गरुड असुरक्षित गणला जातो. २०२३ च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या अहवालात ९४२ जातींचा आढावा घेऊन १७८ जातींना संवर्धनात उच्च प्राधान्य देण्यात आले. मोकळ्या प्रदेशातील पक्ष्यांची घट हा त्या अहवालातील एक चिंतेचा विषय आहे. घारीची संख्या स्थिर राहून भोवत्यांची संख्या निम्म्यावर आली, तर ज्या नोंदवहीत दोघांनाही 'घार' म्हटले आहे, तिच्यात काहीच बदललेले दिसणार नाही.

बीड जिल्ह्यासाठी या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. बालाघाटच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत आणि राहत आहेत. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी पठारावरील पवनचक्क्यांच्या परिसराचा अभ्यास मारिया ठाकर, अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्ष्यांचे प्रमाण पवनचक्क्या नसलेल्या भागाच्या तुलनेत जवळजवळ चौपटीने कमी आढळले. उलट त्यांचे भक्ष्य असलेल्या सरड्यांची संख्या तेथे वाढलेली होती. म्हणजे परिणाम पक्ष्यांवर थांबत नाही, तो अन्नसाखळीत खाली उतरतो. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेच्या कक्षेत पवनऊर्जा प्रकल्प घेण्यात आलेले नाहीत. त्यामुळे एखाद्या पठारावर प्रकल्पापूर्वी कोणते शिकारी पक्षी होते, हे सांगणारा कागद बहुधा स्थानिक अभ्यासकांच्या वहीखेरीज अन्यत्र सापडत नाही. स्वच्छ ऊर्जेची गरज नाकारण्याचा येथे प्रश्न नाही. यंत्रे कोणत्या कड्यापासून दूर ठेवावीत, हे ठरवण्यासाठी आधी त्या कड्यावरचे पक्षी माहीत असावे लागतात.

शेतीशी असलेला संबंधही दुर्लक्षिता येत नाही. कापशी व खरुची यांच्या आहारात उंदरांना मोठे स्थान आहे. भोवते हिवाळ्यात टोळ व नाकतोडे मोठ्या प्रमाणावर खातात. उंदरांसाठी वापरल्या जाणाऱ्या ब्रोमॅडिओलोनसारख्या, रक्त गोठू न देणाऱ्या विषांचा अंश उंदराच्या यकृतात टिकून राहतो आणि तो उंदीर खाणाऱ्या पक्ष्यापर्यंत पोहोचतो. शेतकऱ्याचा मदतनीस कोणता आणि कोंबडीची पिल्ले उचलणारा कोणता, हे न कळल्यास दोघांनाही सारखीच वागणूक मिळते.

महाविद्यालयीन स्तरावरील नोंदींची पद्धत

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती व लोक जैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. या नोंदवह्यांच्या कामात महाविद्यालयांतील प्राध्यापक व विद्यार्थी मोलाची भर घालू शकतात. त्यासाठी महागड्या साधनांची आवश्यकता नाही. एक साधी दुर्बीण, वही आणि ठरावीक मार्ग पुरेसा आहे. महाविद्यालयापासून जवळचा सुमारे पाच किलोमीटरचा शिवाररस्ता निवडून ऑक्टोबर ते मार्च या काळात पंधरवड्यातून एकदा, ठरावीक वेळी चालत गणना करता येईल. तोच मार्ग व तीच वेळ दरवर्षी कायम ठेवल्यास आकडे तुलनायोग्य होतात.

नोंद घेताना पुढील क्रम पाळावा : दिनांक, वेळ, ठिकाण, जमिनीचा प्रकार, पक्ष्याची उंची, घडण, पंखांची ठेवण, उड्डाणाची रीत, दिसलेल्या खुणा, आणि सर्वांत शेवटी नाव. नाव शेवटी लिहिण्याचे कारण असे, की नाव आधी सुचले की डोळे त्या नावाला अनुकूल खुणाच शोधू लागतात.

याहून महत्त्वाचा नियम म्हणजे अनिश्चितता प्रामाणिकपणे लिहिणे. 'भोवत्या, मादी अथवा अवयस्क, जात अनिश्चित' ही नोंद अपुरी वाटली तरी ती खरी आहे आणि पुढील अभ्यासास उपयोगी आहे. ई-बर्ड या जागतिक नोंदप्रणालीतही माँटेग्यूचा किंवा पांढुरका भोवत्या अशी जोडनोंद करण्याची सोय आहे. याउलट अंदाजाने लिहिलेले नेमके नाव नोंदवहीत कायमचे बसते आणि ती चूक नंतर दुरुस्त करता येत नाही. विद्यार्थ्याने अधिक जाती लिहिल्या म्हणून अधिक गुण देण्याची पद्धत या दृष्टीने घातक आहे. गुण द्यावयाचे असल्यास ते निरीक्षणाच्या तपशिलाला द्यावेत.

समारोप

उडत्या शिकारी पक्ष्याची ओळख ही काही जन्मजात दृष्टीची देणगी नव्हे. ती क्रमाने शिकता येणारी रीत आहे. घडण, पंखांची ठेवण, उड्डाणाची रीत आणि शेवटी रंग हा क्रम पाळला, वेळ व ऋतू यांचा पडताळा घेतला आणि जेथे निश्चिती नाही तेथे तसे लिहिले, तर एका हिवाळ्यात कोणत्याही विषयाच्या प्राध्यापकास शिवारावरील प्रमुख जाती वेगळ्या ओळखता येतील. भारताने शिकारी पक्ष्यांच्या संवर्धनासाठीच्या आंतरराष्ट्रीय सामंजस्य करारावर २०१६ मध्ये स्वाक्षरी केली आहे. त्या कराराचा अर्थ आष्टी-पाटोद्याच्या गायरानावर किती भोवते उतरतात, हे कोणीतरी दरवर्षी मोजण्यापासून सुरू होतो. ते मोजण्यासाठी ज्वारीवरून जाणाऱ्या त्या पक्ष्याचे पंख वर उचललेले आहेत की खाली झुकलेले, एवढे प्रथम पाहावे लागेल.